केळीच्या खोलीतला केक

आखाजी जवळ आली की आमच्या घरात दोन वास फिरायला लागतात. एक आंब्याचा. तो सगळ्यांकडेच येतो. दुसरा पिकत्या केळीचा. फैजपूरच्या रस्त्याला, आमच्या घराच्या मागच्याच अंगाला आमचं पिकवणी केंद्र आहे. हिरवीगार केळी क्रेटमधून येते, थंड बंद खोल्यांमध्ये राहते आणि पिवळी होऊन बाहेर पडते. हा वास इथल्या माणसांना येत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो नाक वर करून हुंगतो आणि म्हणतो, कुठे काय? मी धुळ्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी उन्हाळ्यात मागचं दार उघडलं की मला तो पहिल्या दिवसासारखा येतो आणि दरवेळी मला एक केक आठवतो. तीन मजली, गुलाबी, डाव्या बाजूला कललेला.

अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. इतर मुलखांतल्या सासुरवाशिणी दिवाळीची वाट बघतात, आमच्याकडच्या आखाजीची. ऊन असं असतं की नळाच्या पाण्याने हात भाजतो, तरी त्या उन्हात बसमध्ये उभ्याने, हातात पिशव्या, कडेवर पोर घेऊन बाया माहेरी निघतात. लिंबाला झोके बांधले जातात. गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर पाण्याने भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे खरबूज. धुळ्याला माझी आई दाराकडे तोंड करून बसायची आणि मी रिक्षातून उतरले की आधी म्हणायची, वाळली गं. एकदाही तिने मला जाड झालीस असं म्हटलेलं नाही, आणि मी तर दरवर्षी जाडच होत होते.

त्या वर्षी मात्र मी आखाजीला माहेरी गेले नाही. त्या वर्षी आमच्या घरी ताई यायच्या होत्या.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच त्यांनी सुरतेला जातीबाहेरच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं होतं. मांडव नाही, हळद नाही, पंगत नाही. माझे सासरे, आबा, त्या दिवसापासून त्यांचं नाव घेत नव्हते. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गप्प झाले. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही म्हणते. त्या कुरडया वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जायच्या आणि ताईंशी फोनवर बोलायच्या. आमच्या गच्चीवर कुरडया श्रावणातसुद्धा वाळायच्या. आबांना ते कळत नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. अक्का जिन्याकडे निघाल्या की ते रेडिओ जरा मोठा करायचे.

माझी ताईंशी ओळख त्या फोनवरचीच. अक्कांच्या हातून फोन माझ्याकडे यायचा आणि आम्ही दोघी कधी न भेटलेल्या बाया मैत्रिणींसारख्या बडबडायचो. एकदा त्यांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्यांच्या शेजारणीच्या मुलीच्या लग्नातला केक होता, तीन मजल्यांचा. खाली लिहिलं होतं, आमच्या लग्नात पेढासुद्धा नव्हता गं, ऑफिसातल्या शिपायाने चहा पाजला. पुढे हसणारं तोंड काढलं होतं. मी तो फोटो पुसून टाकला नाही.

मग त्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर, आबा पेपर वाचता वाचता अक्कांना म्हणाले, “आखाजीले बोलाव तिले.” पेपर खाली घेतला नाही. अक्कांच्या हातात तांदळाचं सूप होतं, ते तसंच राहिलं. पाखडणं सोडून त्या नुसत्या उभ्या होत्या.

ताईंनी हो म्हटलं, पण जपून. सकाळच्या गाडीने येते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते म्हणाल्या. तिकीट दोन्हीकडचं काढलं होतं. जावयाला वेगळं बोलावणं गेलं नव्हतं, म्हणून ते येणार नव्हते. अक्कांचं तेवढ्यावर समाधान होईना. आखाजीला आलेली लेक त्याच दिवशी परत जाते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. उठता बसता त्यांचं एकच चाललं होतं, “एक रात तं राह्यली पाह्यजे.” ताई राहतील की पाहुण्यासारख्या जेवून जातील, त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आणि मी ठरवलं, आपण केक करायचा. तीन मजली.

आता हे ठरवणारी बाई कोण, तर जिने जन्मात एकदा कुकरमध्ये मीठ घालून रव्याचा केक केला होता आणि तोही खालून करपवला होता. माझ्या आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “घरमा पुरणपोयी सोडीसन केक कसाले करस व माय?” तिला काय सांगणार? पुरणपोळी प्रत्येक पाहुण्याला मिळते. मला ताईंना असं काहीतरी द्यायचं होतं, जे त्यांच्या लग्नात राहून गेलं होतं.

मी जळगावला क्लास लावला. बस जायला तासभर आणि यायला, धाब्यावर बस थांबली तर, त्याहून जास्त. शिकवणाऱ्या बाई गोड होत्या आणि त्यांचं स्वयंपाकघर एसीत होतं. तिथे क्रीम फेटलं की डोंगरासारखं उभं राहायचं. भांडं उलटं केलं तरी पडायचं नाही. मी ते बघून भारावून घरी यायचे आणि आमच्या स्लॅबखालच्या स्वयंपाकघरात, जिथे दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही, तिथे तेच क्रीम ताकासारखं पळायचं. एकदा भांडं बर्फात ठेवून मी इतकं फेटलं, इतकं फेटलं, की क्रीम फुटून पिवळसर गोळे वर आले. मी रडकुंडीला आले होते. अक्का डोकावल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. “लोनी आलं वं शुभा,” म्हणाल्या आणि वाटी घेऊन आल्या. साखरेचं लोणी आम्ही दोन दिवस पोळीबरोबर खाल्लं.

स्पंजची तऱ्हा वेगळीच. आबांना अंडं चालत नव्हतं, म्हणून सगळा कारभार दही आणि सोड्यावर. केक मधोमध फुगून फुटायचा, शेतातल्या ढेकळासारखा. नाहीतर अर्धा भाजला की लाईट जायची आणि ओव्हन उघडून बघावं तर आत खिरीसारखा खळगा. फसलेले केक आधी आम्ही खाल्ले, मग शेजारी खाल्ले, मग शेजारणी मला लांबून बघून आत जायला लागल्या. शेवटी गाईला दिले. नवऱ्याचं म्हणणं की गाय त्या महिन्यात जरा हट्टी झाली होती.

फिरतं टेबल नव्हतं, म्हणून मी पोळपाट उलटा करून वाटीवर ठेवला. मजल्यांच्या आत आधाराला काड्या लागतात, त्या म्हणून रसवंतीवरून उसाच्या रसाच्या जाड नळ्या आणल्या. रसवाल्याने विचारलं, रस नको, नुसत्या नळ्या? मी म्हटलं, घर बांधतेय. तो बिचारा खरंच समजला. पुढे कितीतरी दिवस तो विचारायचा, झालं का घर?

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी तिन्ही मजले मनासारखे भाजून निघाले. तेवढा आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. आता त्यांच्यावर फॉण्डंट चढवायचं होतं. हे म्हणजे साखरेचं मळलेलं पीठ, ते लाटून चादरीसारखं केकवर घालायचं. मी गुलाबी चादर लाटली, पण उचलायला गेले की फाटायची. दोनदा फाटली. अक्का मांड्यांची कणिक मळत बसल्या होत्या. आमच्याकडची पुरणपोळी, म्हणजे मांडे, लाटत नाहीत, हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करतात आणि उलट्या खापरावर टाकतात. त्यांना राहवेना. म्हणाल्या, हे तं मांड्यासारखंच हाय, दे इकडे. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ती गुलाबी चादर दोन्ही हातांवर घेतली आणि सवयीने झेलली. कणिक सुटते. साखर सुटत नाही. ती त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत चिकटली आणि त्यांनी घाबरून हात केकवर दाबला. चादर बसली, पण मधल्या मजल्यावर अक्कांच्या बांगड्यांचे गोल ठसे उमटले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मी त्या ठशांच्या बाजूने तसेच गोल काढत गेले, सगळ्या मजल्यांवर. कुणी विचारलं असतं तर डिझाइन म्हणून सांगितलं असतं. वर साखरेचे गुलाब लावले आणि तीन मजले एकावर एक उभे राहिले. खरं सांगते, सुंदर दिसत होता. अक्कांनी त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरवून टाकली.

पण तो ठेवायचा कुठे? फ्रिजमध्ये दोन मजले मावतील, तिसरा नाही. बाहेर ऊन आग ओकत होतं. कूलरसमोर ठेवला तर वरचे गुलाब माना टाकायला लागले. आणि मग आबा, ज्यांनी या सगळ्या महिनाभरात माझ्या केककडे एकदाही वळून बघितलं नव्हतं, दारात येऊन म्हणाले, “चार नंबरच्या खोलीत ठेव. मशीन चालू हाय.”

मला हायसं वाटलं. पिकवणीची खोली म्हणजे उन्हाळ्यातलं महाबळेश्वर. मी आणि नवऱ्याने धरून केक तिथे नेला. खोली रिकामी होती. ऐन हंगामात, सगळ्या खोल्या क्रेटने गच्च भरलेल्या असताना, ती एक रिकामी कशी, हे विचारायचं तेव्हा मला सुचलं नाही. जाड दार लागलं आणि मी त्या महिन्यात पहिल्यांदा दुपारी झोपले.

आखाजीच्या सकाळी आंघोळ करून मी दार उघडलं. आधी वास आला. त्या खोलीच्या भिंतींत वर्षानुवर्षांची केळी मुरलेली होती, ती सगळी केकमध्ये उतरली होती. मग केक दिसला. घामाने डबडबलेला. गुलाबी साखर ओली होऊन चकाकत होती, खालच्या पाटावर गुलाबी पाण्याचं तळं साचलं होतं. गुलाब चपटे झाले होते. सगळ्यात वरचा मजला डावीकडे सरकून, पाय घसरलेल्या माणसासारखा कसाबसा धरून होता. खोलीची फरशी ओलीचिंब होती. मी तिथेच खाली बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. नवरा स्टेशनवर जायला गाडी काढत होता, आता काही करायला वेळच उरला नव्हता.

ताई आल्या. फोनवरच्या आवाजापेक्षा उंच आणि सावळ्या. खांद्याला एक छोटी पर्स, बस्स. पिशवी नाही, बॅग नाही. अक्कांची नजर आधी त्या पर्सवर गेली आणि मला त्यांचं मन कळलं. उंबरठ्यावर ताई थांबल्या. अक्कांनी भाकरतुकडा ओवाळला, दोघी गळ्यात पडल्या. आबा ओसरीवर बाजेवर बसले होते. ताईंनी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला आणि परत मांडीवर घेतला. जेवणं झाली, आमरस झाला, मांडे झाले. सगळे इतके गोड गोड बोलत होतो की मला धुळ्याच्या लग्नातल्या अनोळखी पंगतीची आठवण झाली. ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, मग आपण बघतोय हे लक्षात येऊन नजर खाली घेत होत्या.

केक मी कोठीत पाटीखाली झाकून ठेवला होता. दाखवायचाच नाही असं ठरलं होतं. पण अक्कांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी सांगितलं, तुझ्यासाठी शुभानं केक केला होता, बिघडला. ताई उठल्याच. मी आडवी गेले तरी त्यांनी पाटी उचलली.

तो कललेला, घामाघूम केक बघून त्या आधी हसल्या. मग त्यांना आपण पाठवलेला फोटो आठवला असावा. हसू तिथेच थांबलं. त्यांनी बोट लावलं, बोटाला गुलाबी पाणी आलं. मला म्हणाल्या, “याला एवढं पाणी कुठून लागलं गं?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने चुळबुळ केली. मग त्याने जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. आबांनी चार नंबरची खोली दोन दिवस आधीच मोकळी करून घेतली होती. व्यापाऱ्यांना मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं होतं. आणि काल संध्याकाळी आणि आज उजाडताच स्वतः पाइप धरून खोलीत फरशीवर पाणी मारलं होतं. पिकायला ठेवलेली केळी सुकू नये म्हणून खोलीत ओल धरतात, नाहीतर तिची साल आक्रसते. आबांनी उभ्या आयुष्यात त्या खोल्यांमध्ये जे जे जपायला ठेवलं, ते असंच जपलं होतं. त्यांना दुसरी रीत माहीत नव्हती.

ताई कोठीच्या दारातून ओसरीकडे बघत होत्या. आबा बाजेवरून उठून दारापर्यंत आले होते. केककडे बघत होते, ताईंकडे नाही. इतक्या वर्षांनी लेकीशी त्यांचं पहिलं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं.

“मले वाटलं, सुकतो का काय.”

ताईंनी त्या सरकलेल्या वरच्या मजल्याचा एक तुकडा हातानेच तोडला, खाल्ला, दुसरा तोडला आणि आबांच्या पुढे धरला. “नाही सुकला, आबा,” म्हणाल्या. आबांनी तो घेतला. ज्या माणसाने जन्मात केक खाल्ला नव्हता त्याने तो तुकडा उभ्यानेच सावकाश चावून खाल्ला, आणि मग आबा म्हणाले की केयाचा वास येऊन राह्यला. त्या घरात हा वास कोणाला तरी आल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही सगळेच हसलो, अक्का हसता हसता रडल्या.

उन्हं कलायला लागली तेव्हा नवऱ्याने गाडीची किल्ली हातात घेतली. ताई माझ्या मागोमाग खोलीत आल्या आणि दार लोटून हळूच म्हणाल्या, “शुभा, तुझा एखादा गाऊन आहे का गं जास्तीचा?”

मी त्यांना माझा सगळ्यात चांगला, निळ्या फुलांचा गाऊन दिला. त्यांना तो घोट्याच्या बराच वर आला. तो घालून त्या ओसरीवर गेल्या आणि आबांच्या बाजेच्या पायथ्याशी बसल्या, तेव्हा अक्कांनी मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि माझ्या तोंडात साखर कोंबली. पुढच्या आखाजीला जावईही आले. त्यांना आबांनी पिकवणीच्या सगळ्या खोल्या दाखवल्या, दुपारभर, आणि ते बिचारे स्वेटर नसताना कुडकुडत ऐकत राहिले.

आता माझा हात चांगला बसलाय. लोक फैजपूरहून, सावद्याहून केक न्यायला येतात. पोळपाट जाऊन फिरतं टेबल आलं, आणि एक छोटी खोली एसीची झाली. माझे मजले आता सरळ उभे राहतात, कोणीही यावं आणि ओळंबा लावून बघावं. मात्र त्या उन्हाळ्याइतकी मेहनत मी कुठल्याच केकवर घेतली नाही, आणि तितकी भीतीही मला पुन्हा कधी वाटली नाही. कधीकधी सरळ उभ्या केककडे बघून उगाच चुकल्यासारखं वाटतं. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

आबा गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. या आखाजीला त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. ताई दोन दिवस आधीच आल्या, मोठी बॅग घेऊन. सकाळी घागर भरली, डांगर ठेवलं, नैवेद्य झाला. अक्का घागरीजवळून उठेनात. मी ताईंसाठी दरवर्षीसारखा केक केला होता, तीन मजल्यांचा. मधल्या मजल्यावर अजूनही बांगड्यांचे ठसे असतात. अक्का दरवर्षी हात पुढे करतात. तो एसीच्या खोलीत कोरडा, गुळगुळीत, ताठ उभा होता.

ताई कुठे दिसेनात म्हणून मी मागच्या दाराने गेले. पिकवणीचं चार नंबरचं दार उघडं होतं. आत क्रेट नव्हते, नवऱ्याने न सांगता ती मोकळी ठेवली होती. ताईंनी साडीचा ओचा वर खोचला होता आणि पाइप धरून फरशीवर पाणी मारत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यांत, अगदी मन लावून. मला बघून त्या थांबल्या नाहीत.

मी परत घरात गेले. साखरेला घाम फुटणार, गुलाब माना टाकणार, वरचा मजला सरकणार, हे सगळं मला आता शिकवण्याइतकं पाठ आहे. मी केक दोन्ही हातांनी उचलला आणि त्या खोलीत नेऊन ठेवला.